दोष जावाचा नाही, खरेदी करणाऱ्याचा आहे

ई-निविदा भरणाऱ्या कोणत्याही छोट्या ठेकेदाराला विचारा, जावा म्हणजे काय? तो म्हणेल, डोक्याला ताप! डिजिटल सहीचं डोंगल लावा, जावाची नेमकी तीच आवृत्ती टाका, नवीन असेल तर काढून जुनी टाका, सिक्युरिटी कमी करा. आणि मशीन विंडोजचंच पाहिजे. शेवटची तारीख उद्याची, अन् हे जमवून देणारा पोरगा लग्नाला गेलेला.

आता गंमत बघा. जावा 1995 मध्ये आली तीच मुळी याच्या उलट कामासाठी. एकदा लिहा, कुठंही चालवा, ही तिची जाहिरात. प्रोग्राम थेट विंडोजशी किंवा लिनक्सशी बोलतच नाही. मध्ये एक आभासी यंत्र असतं, त्याच्याशी बोलतो. ते यंत्र ज्या कॉम्प्युटरवर बसेल त्याची भाषा सांभाळून घेतं. मोठमोठ्या बँकांचा कारभार असाच चालतो.

मग आपल्याकडं माशी कुठं शिंकली? सहीचं काम ब्राउझरमधल्या ॲपलेटवर टाकलं, तिथं. क्रोमने ते दार 2015 मध्ये बंद केलं, फायरफॉक्सने 2017 मध्ये. उरला इंटरनेट एक्सप्लोरर, तो विंडोजचा. त्यालाही मायक्रोसॉफ्टनं 2022 मध्ये निरोप दिला. म्हणजे कुठंही चालणारी भाषा घेतली आणि एकाच कंपनीच्या दावणीला बांधली.

काही जण म्हणतील, भाऊ, सगळीकडं विंडोजच आहे, मग काहून भांडता? सगळीकडं कुठं आहे? बचत गटाच्या बाईच्या हातात, ग्रामसभेच्या सचिवाच्या हातात अँड्रॉइड आहे. आमच्या मूलच्या राईस मिलवाल्यानं हिशेबाला टॅली घेतली, त्यासाठी विंडोज घेतलं, तो त्याचा धंदा, त्याचा पैसा. पण सरकारी कामात भाग घ्यायला अमुकच कंपनीचं मशीन आण, असं नागरिकाला सांगायचा अधिकार कोणी दिला?

आणि खर्च बघा. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नियमित आधार संपला. विंडोज 11 ला जुनी मशीनं चालत नाहीत. चांगला चालता कॉम्प्युटर एक तर भंगारात, नाही तर तसाच धोक्यात चालू. त्यावर फुकटचं लिनक्स टाकून आणखी काही वर्षं काढता येतात. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षांपासून लिनक्सवर शिकवताहेत. पण कार्यालयाचं सॉफ्टवेअरच विंडोजशिवाय उघडत नसेल तर काय करता? (आम्ही पेपरवाल्यांनी हे फॉन्टच्या बाबतीत भोगलंय. एका मशीनवर टाइप केलेली बातमी दुसरीकडं उघडली की नुसती किडामुंगी. युनिकोड रुळलं तेव्हा कुठं सुटका झाली.)

ही अडचण काही नवी नाही. 1959 मध्ये अमेरिकेत प्रत्येक कंपनीचं मशीन वेगळं, त्याची भाषा वेगळी. तिथल्या संरक्षण खात्यानं पुढाकार घेतला आणि धंद्याच्या हिशेबासाठी कोबोल ही सामाईक भाषा तयार झाली. डिसेंबर 1960 मध्ये दोन वेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर एकच प्रोग्राम चालवून दाखवला. खात्यानं ठणकावलं, कोबोल नसेल तर मशीन घेणार नाही. कंपन्या मुकाट्यानं लायनीवर आल्या. कारण पैसा गिऱ्हाईकाच्या हातात होता.

आपल्याकडं गिऱ्हाईक सरकार आहे, आणि धोरणही आहे. खुल्या मानकांचं 2010 चं, मुक्त सॉफ्टवेअरचं 2015 चं, दोन्ही केंद्राची. ती खरेदीच्या अटींत उतरत नाहीत, एवढंच.

तेव्हा नगर परिषद असो, पंचायत समिती असो की सेवा सहकारी संस्था, पुढच्या सॉफ्टवेअर खरेदीत एक अट टाका: विंडोज, लिनक्स आणि मोबाईल, तिन्हीवर आमच्यासमोर चालवून दाखवा, मगच बिल निघेल. आणि आमचा डाटा आम्हाला दुसरीकडं नेता आला पाहिजे. सदस्य मंडळी ही पोस्ट वाचत असतील तर येत्या सभेत एवढंच विचारा, सध्याच्या सॉफ्टवेअरच्या करारात ही अट आहे का? उत्तर लेखी मागा, मी इथंच छापतो.