डबा कुठे, की डब्यात काय?



फेंगशुईवाले सांगतात, आग्नेय कोपरा धनाचा, तिथे कचऱ्याचा डबा नको. आपण लगेच डबा सरकवतो आणि निर्धास्त होतो. पण आत? रात्रभराचं खरकटं, दुधाच्या पिशव्या, फुटलेली काच, सगळं एकत्र!

आपल्या पाच समित्यांपैकी पाचवी टाकण्याविषयीचीच आहे: उत्सर्ग समिती. निर्जीव जागा पाहून, जपून टाकायचं. ती साधूंसाठी सांगितली हे खरं, पण श्रावकाच्या स्वयंपाकघरात तिची थोडी तरी जयणा नको? साचलेल्या खरकट्यात जीव पडतात, मग आपणच वर औषध फवारतो. ही हिंसा कोणत्या कोपऱ्यानं टळणार?

ताट धुऊन पिणाऱ्या आपल्या आज्यांच्या डब्यात उष्टं जातच नसे. तेवढं तरी करू या. ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा ठेवा. २०१६ च्या सरकारी नियमानंही तेच सांगितलं होतं. काच कागदात नीट गुंडाळून द्या. कचरा वेचणाऱ्या ताईंचा हात कापला, तर त्याचा दोष आग्नेय दिशेला लागणार नाही, आपल्यालाच लागेल.