पान चार काळं आलंय

लग्नाच्या बैठकीतही मुलाला पगार विचारतात, पण तिथे निदान कांदेपोहे मिळतात. हिंजवडीतल्या नोकरीचा फोन 'करंट सीटीसी किती?' इथूनच सुरू होतो. आकडा सांगायचा, त्यावर पंचवीस-तीस टक्के 'हाइक' चढवली की ऑफर तयार. या कामाचं मोल किती, हे कुणी काढतच नाही.

आयलीन रिझो २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो काउंटीच्या शिक्षण खात्यात गणित सल्लागार म्हणून लागल्या. तिथला हिशेब होता, जुना पगार अधिक पाच टक्के. २०१२ मध्ये जेवताना गप्पा निघाल्या आणि कळलं, त्याच कामावर नव्याने आलेल्या पुरुषाला आपल्यापेक्षा जास्त मिळतंय. अपील न्यायालयाने २०२० मध्ये निकाल दिला: समान वेतनाच्या कायद्यापुढे जुन्या पगाराची सबब चालणार नाही. मॅसॅच्युसेट्सने तर ऑफरआधी हा प्रश्न विचारायलाच मनाई करणारा कायदा २०१६ मध्ये केला. युरोपीय संघाच्या २०२३ च्या निर्देशातही तशी मनाई आहे.

आपल्याकडे नुसत्या आकड्यावर भागत नाही, कागद लागतात. तीन महिन्यांच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, फॉर्म १६. माझा राग आहे तो या शेवटच्यावर. जुन्या करपद्धतीतल्या कुणाचा 'भाग ब' उघडून बघा. घरकर्जाचं व्याज, आरोग्य विमा. ८०डीडीसमोर रक्कम असेल तर घरात कुणी अपंग आहे. ८०यूसमोर असेल तर उमेदवार स्वतःच. मुलाखतीत जे विचारायला एचआरची जीभ रेटणार नाही, ते पीडीएफमध्ये आयतं मिळतं. तेही निवड व्हायच्या आधी.

पुट्टस्वामी खटल्यात २०१७ साली नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा सांगतो, संमती असली तरी माहिती कामापुरतीच घ्या. पण नोटीस पिरियडचे दिवस मोजणारा, डोक्यावर हप्ते असलेला माणूस संमती नाकारणार कुठल्या तोंडाने? टीडीएससाठी मागचे आकडे लागतात, कबूल. ते रुजू झाल्यावर, आणि पगार काढणाऱ्या विभागाला.

परवा भाचीला म्हटलं, भाग बमधली वजावट काळी करून पाठव. तिने फॉर्म तसाच पाठवला. तासाभरात फोन आला. "मॅम, पान चार काळं आलंय. परत स्कॅन करून पाठवता का?"