नेट गेलं, की पत्ता हरवला?
सेनगाव असो की कळमनुरी, हिंगोली जिल्ह्यातल्या सेवा केंद्रात सातबाऱ्यासाठी रांग लागली की ‘नेट गेलं’ हे वाक्य हमखास कानी पडतं. दर वेळी दोष बाहेरच्या केबलचाच असतो असं नाही. संगणकाला चार गोष्टी ठाऊक असाव्या लागतात: स्वतःचा आयपी पत्ता, आपलं जाळं कुठवर आहे हे सांगणारा सबनेट मास्क, बाहेर पडायचं दार म्हणजे गेटवे आणि नावावरून पत्ता शोधणारा डीएनएस. बहुधा राउटरच डीएचसीपी या आपोआप पत्ते वाटणाऱ्या पद्धतीने या सगळ्या पुरवतो. पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल, तर राउटरकडून काहीच मिळालेलं नाही; आधी वायर तपासा. प्रिंटरला मात्र कायमचा पत्ता द्या, तोही राउटर वाटतो त्या पत्त्यांच्या टप्प्याबाहेरचा. एकच पत्ता दोन यंत्रांना गेला की दोन्ही अडतात. एवढं पाहिलं तरी शेतकऱ्याचा एखादा हेलपाटा वाचेल.