मताला पैशाची अट

शेतकरी व कारागीर बंधूंनो, इंग्रजी अमदानींत शेतसारा व मालमत्ता पाहून मत मिळे. १९५० च्या राज्यघटनेनें ती अट उडविली. परंतु पुढल्या दारानें घालविलेली पैशाची अट मागल्या दारानें कशी आंत शिरते, हें अमेरिकेंतील फ्लोरिडा संस्थानांत पाहावें. काळ्या गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटणाऱ्या अमेरिकन सज्जनांस जोतीरावांनीं १८७३ सालीं आपला 'गुलामगिरी' ग्रंथ अर्पण केला, तेव्हां तो देश आपणांस अगदींच परका नाहीं.

तेथें १८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें संपली. आणि तीनच वर्षांनीं फ्लोरिडाच्या घटनेनें मोठ्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांचें मत काढून घेतलें. शिक्षा भोगून माणूस घरीं आला तरी, वरच्यांची मर्जी होईपर्यंत, मत नाहीं! अखेर स्वतः तुरुंग भोगलेले डेस्मंड मीड व त्यांचे सोबती यांनीं साडेसात लाखांवर सह्या मिळवून २०१८ सालीं हा प्रश्न सार्वमतास घातला. ६० टक्के मतें हवीं होतीं, ६४ टक्क्यांहून अधिक पडलीं. खून व लैंगिक अत्याचार वगळून, शिक्षा पुरी केलेल्या सुमारें १४ लाख लोकांस मत मिळावयाचें होतें.

पण २०१९ सालीं तेथील कायदेमंडळानें मेख मारली: दंड, कोर्टाची फी, नुकसानभरपाई पै न् पै भरा, मग मत द्या! बरें, कोणाकडे किती बाकी, हें सरकारासही धड सांगतां येईना. सावकारानें खातेवही दाखवावयाची नाहीं, बाकी मात्र मागावयाची, तशांतलाच हा प्रकार. २०२० सालीं वरिष्ठ कोर्टानें हा कायदा कायम केला.

पण दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवून आपण स्वस्थ बसावें काय? आपल्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचें ६२ वें कलम म्हणतें कीं, तुरुंगांत असेल त्यास मत नाहीं, मग शिक्षा झालेली असो वा नसो. २०२२ अखेर देशांतील ५,७३,२२० कैद्यांपैकीं ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे त्यांचा गुन्हा अद्याप शाबीत झालेला नव्हता. एकाच आरोपाचे दोघे धरले, तर ज्याला जामीन देणारा धनको मिळतो तो बाहेर येऊन मत देतो. ज्या मजुराला जामीनदार नाहीं त्याचें मत तुरुंगांतच बुडतें. ही पैशाची अट नव्हे तर काय? गंमत अशी कीं, २०१३ च्या दुरुस्तीमुळें कच्चा कैदी निवडणुकीस उभा राहूं शकतो, पण स्वतःला मत देऊं शकत नाहीं!

बंदोबस्ताची अडचण सांगून १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हें कलम उचलून धरलें. परंतु प्रतिबंधक कायद्याखालीं डांबलेल्यास टपालानें मत देतां येतें. मग कच्च्या कैद्याचेंच पाकीट टपालाला जड होतें काय?

आमचें म्हणणें सरळ आहे. गुन्हा शाबीत होईपर्यंत कोणाचेंही मत बुडवूं नये. उमेदवार दारीं येईल तेव्हां त्यास हें विचारा, आणि ग्रामसभेंत ठराव करून आमदार-खासदारांकडे धाडा. आपला कोणी अटकेंत असेल तर १९८७ च्या कायद्यानें त्यास सरकारी खर्चानें वकील मिळतो. जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. फ्लोरिडाच्या लोकांनीं एकेक सही गोळा करून दीडशें वर्षांचा कायदा हलविला. आपण निदान प्रश्न तरी विचारूं या.