टिपणीस ‘आपले’, पण कशासाठी?



२६ जुलै आला की आपल्या ग्वाल्हेरकर मराठी घरांमध्ये तोच फोटो फिरतो. कारगिलच्या वेळचे हवाई दलप्रमुख, एअर चीफ मार्शल अनिल यशवंत टिपणीस. ‘आपला मराठी माणूस!’ खाली नमस्कारांची रांग. मग कोणीतरी हळूच लिहितो, ‘पण हवाई दलानं उशीर केला होता ना?’ आणि सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून बसतात. आडनावावर छाती फुगवायची आणि त्या माणसाच्या निर्णयाचा प्रश्न आला की गप्प. मला याचाच राग येतो.

१९९९चा तो उन्हाळा मला आठवतो. दाणाओळीतल्या आमच्या वाड्याच्या गच्चीवर आम्ही झोपायचो. महाराजपुऱ्याच्या मिराजचा आवाज आम्हाला ऐंशीच्या दशकापासून सवयीचा. त्या जूनमध्ये तो कमी झाला, तेव्हा वडील एवढंच म्हणाले, ‘पोरं कामावर गेली.’

आता त्या उशिराचं बोलू. मे महिन्याच्या मध्याला भूदल सशस्त्र हेलिकॉप्टर मागत होतं. टिपणीस पदावर येऊन जेमतेम पाच महिने झाले होते. त्यांचं म्हणणं असं की हवाई दल लढाईत उतरवायचं तर सरकारनं स्पष्ट परवानगी दिली पाहिजे, आणि एवढ्या उंचीवर हेलिकॉप्टरं सहज सावज होतील. लोक याला कागदी घोडे नाचवणं म्हणतात. अहो, वर्षभरापूर्वीच, मे १९९८मध्ये, दोन्ही देशांनी अणुचाचण्या केल्या होत्या! नियंत्रण रेषेला लागून बॉम्ब टाकायचे की नाही, हे दोन सेनाधिकाऱ्यांनी आपसात ठरवायचं? ते निवडून आलेल्या सरकारनंच ठरवायचं असतं. २५ मेला सरकारनं होकार दिला, रेषा न ओलांडण्याच्या अटीवर. २६च्या सकाळी विमानं कामाला लागली. परवानगीनंतर दिरंगाई झाली का? नाही.

दुसरी बाजूही मान्य करतो. त्या दिवसांत आपले जवान उघड्या उतारांवर गोळ्या झेलत होते. त्यांच्या घरच्यांना ‘प्रक्रिया’ हा शब्द कसा सांगायचा? तो राग खरा आहे. आणि सुरुवातीची किंमत हवाई दलानंही मोजली. २७ मेला दोन लढाऊ विमानं गेली. स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा शहीद झाले, फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता पाकिस्तानच्या हाती सापडले. २८ला एमआय-१७ हेलिकॉप्टर क्षेपणास्त्रानं पाडलं, चौघे गेले. ज्या धोक्याबद्दल टिपणीस आधीपासून सांगत होते, तोच समोर आला. तरी हेलिकॉप्टरं त्यांच्याच दलाची होती, म्हणून ती जबाबदारी प्रमुखाच्याही खात्यावर लिहायची. ‘आपला’ म्हणून ती पुसायची नाही.

पण माझ्या मते त्यांचं नेतृत्व कळतं ते त्यानंतर. अहंकारानं तीच पद्धत रेटली नाही. सशस्त्र हेलिकॉप्टरं हल्ल्यातून काढून घेतली. विमानं खांद्यावरच्या क्षेपणास्त्रांच्या टप्प्याबाहेर, उंचावर नेली. मग आपल्या महाराजपुऱ्याची मिराज आली. १७ जूनला मुंथो ढालोचा रसदीचा तळ उद्ध्वस्त झाला. २४ जूनला सुमारे साडेसोळा हजार फुटांवरच्या टायगर हिलवर लेझरनं नेम धरलेला बॉम्ब पडला, तोही रेषा न ओलांडता. ४ जुलैला भूदलानं ते शिखर घेतलं. शिखर जवानांनीच घेतलं, यात वाद नाही. पण वरच्या शत्रूची रसद आणि हिंमत तोडण्यात विमानांचा वाटा होता.

पुढे भूदल आणि हवाई दल, दोन्हींच्या प्रमुखांनी आपापली बाजू जाहीरपणे मांडली. आपल्यापैकी किती जणांनी ती वाचली? आपण पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून मराठीपण जपलं, त्याचा मलाही अभिमान आहे. पण टिपणीस त्या खुर्चीत आडनावामुळे बसले नव्हते आणि मिराजच्या कॉकपिटमधल्या वैमानिकांची जात-भाषा कोणी विचारली नव्हती.

तेव्हा पुढच्या २६ जुलैला फोटो जरूर टाका. पण खाली ‘आपला माणूस’ एवढंच लिहून थांबू नका. परवानगी का मागितली, दोन दिवसांत काय गमावलं आणि मग काय बदललं, ते लिहा. आणि कोणी उशिराचा प्रश्न विचारला तर गप्प बसू नका. उत्तर द्या.