‘गॅप आलाय’ म्हणजे लगेच ऑपरेशन?

उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा. आपल्या कुठल्याही वस्तीत पाठदुखीचा विषय काढा, ‘मणक्यात गॅप आलाय’ हे वाक्य ऐकू येतंच. दिवसभर लूमवर उभं राहणं, मार्केटमध्ये साड्यांचे गठ्ठे उचलणं, तासन्‌तास मान वाकवून हिरे घासणं, पाठ बोलणारच. मग एमआरआय होतो, रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर येतो आणि मुलगा, मुलगी किंवा सून यांना प्रश्न विचारला जातो: ‘करायचं का ऑपरेशन?’

आधी हा ‘गॅप’ समजून घेऊ. दोन मणक्यांच्या मध्ये मऊ गादी असते. ती झिजली की मधली जागा वाढत नाही, उलट कमी होते. गादी बाहेर सरकून नसेवर दाबली गेली, तर कळ कमरेतून पायात उतरते. तीच सायटिका.

आता रिपोर्टविषयी. ज्यांना पाठदुखी अजिबात नाही, अशा तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार विशीतल्या शंभरातल्या 37 जणांची आणि पन्नाशीतल्या 80 जणांची गादी झिजलेली दिसते. पन्नाशीत 60 जणांची गादी फुगलेलीही असते. आणि या सगळ्यांना दुखत काहीच नसतं! म्हणून ‘बल्ज’ हा शब्द वाचून घाबरू नका. फोटोत दिसतं ते आणि पायात जाणवतं ते जुळतंय का, हे डॉक्टर हातांनी तपासूनच सांगू शकतात.

जुळत असेल तर? नेदरलँड्समध्ये तीव्र सायटिकाच्या 283 रुग्णांवर झालेला अभ्यास 2007 मध्ये आला. सगळ्यांचं दुखणं सहा ते बारा आठवड्यांचं होतं. निम्म्यांना लवकर ऑपरेशन, निम्म्यांना आधी औषध आणि व्यायाम, गरज पडली तरच ऑपरेशन, असं ठरलं. लवकर ऑपरेशन झालेल्यांना आराम लवकर पडला. पण वर्षअखेर दोन्ही गटांतले सुमारे 95 टक्के लोक बरे होते. थांबलेल्यांपैकी 39 टक्क्यांना मात्र त्या वर्षात ऑपरेशन करावं लागलं.

म्हणजे अशा वेळी ऑपरेशनने मुख्यतः वेळ वाचतो. त्या वेळेची किंमत प्रत्येक घरात वेगळी असते. रोजंदारीवर घर चालवणाऱ्याला दोन-तीन महिने परवडत नाहीत. रिटायर झालेल्या काकांना कदाचित परवडतात. दोघांचा रिपोर्ट सारखा असला तरी निर्णय वेगळा असू शकतो, आणि दोन्ही बरोबर असू शकतात. पायात कळ नसून नुसती कंबर दुखत असेल, तर गादीच्या ऑपरेशनचा फायदा तितका खात्रीचा नसतो, हेही लक्षात ठेवा.

काही वेळा मात्र थांबायचं नाही. लघवी अडली किंवा तिच्यावरचा ताबा गेला, बसण्याची जागा बधिर झाली, पायातली ताकद झपाट्याने कमी होऊ लागली, तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा.

मेंदूचं गणित आणखी कठीण. अपघातानंतर मेंदूला सूज येते आणि औषधांनी दाब उतरत नाही, तेव्हा कवटीचा मोठा तुकडा काढून मेंदूला जागा देतात. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, चारशेहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात सहा महिन्यांनी औषधांवरच्या गटातले 49 टक्के दगावले होते, ऑपरेशनच्या गटातले 27 टक्के. पण वाचलेल्यांपैकी काही जण भान नसलेल्या अवस्थेत राहिले. हे प्रमाण औषधांच्या गटात 2 टक्के होतं, ऑपरेशनच्या गटात साडेआठ. म्हणून ‘वाचतील ना?’ याच्यापुढे ‘वाचले तर कसे असतील?’ हेही विचारायला हवं. इथे वेळ फार थोडा असतो. डोक्यात रक्त साचून मेंदू दबत असेल, तर मुंबई गाठण्याच्या नादात तास घालवू नका.

मणक्याच्या बाबतीत बहुतेकदा दुसरं मत घ्यायला सवड असते. फिल्म आणि सीडी घेऊन सुरतेत किंवा मुंबईत दुसऱ्या डॉक्टरांना जरूर दाखवा. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. नियमानुसार मागितल्यापासून 72 तासांत उपचारांची कागदपत्रं मिळायला हवीत. उपचाराचा हेतू, धोके आणि दुसरे पर्याय सांगूनच संमती घ्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

डॉक्टरांना चार प्रश्न विचारा: ऑपरेशन नाही केलं तर काय होईल? केलं तर कोणता त्रास जाईल आणि कोणता राहील? मोठा धोका कोणता? कामावर कधी जाता येईल?

आणि तरुण मंडळींनो, संमतीचा कागद बहुधा गुजराती किंवा इंग्रजीत असतो. सही आई-बाबांची असते, शरीरही त्यांचंच. तो कागद त्यांच्याशेजारी बसून मराठीत, अहिराणीत, घरात जी बोलता त्या भाषेत समजावून सांगा. मग त्यांना काय हवंय ते विचारा. उत्तर त्यांचं त्यांना देऊ द्या.