नळी कधी काढायची, हे सिस्टरला ठरवू द्या

एक्स-रेला न्यायचं म्हटलं की युरोबॅग, म्हणजे लघवीच्या नळीला जोडलेली पिशवी, उचलून रुग्णाच्या पोटावर ठेवली जाते. पिशवीतली लघवी नळीतून उलटी मूत्राशयात जाते, जंतूही तिच्याबरोबर. वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर म्हणून हे मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. पिशवी मूत्राशयाच्या खाली हवी, पण फरशीला टेकता कामा नये. नळी आणि पिशवीचा जोड उघडायचा नाही. तपासणीची लघवी पिशवीतून नव्हे, नळीच्या पोर्टमधून सिरिंजने घ्यायची. आमच्या मुलींना हे परीक्षेपुरतं पाठ असतं. रात्रपाळीत एकीवर अख्खा वॉर्ड पडला की हात धुवायलाही उसंत नसते. म्हणून प्रशिक्षण सभागृहात स्लाइड दाखवून नको, खाटेपाशी हवं, आणि त्यात वॉर्डातल्या मामा-मावशींनाही घ्यायला हवं.

मला सगळ्यात खुपते ती विसरलेली नळी. ऑपरेशनच्या दिवशी घातलेली, गरज संपली तरी राउंडला कुणी विषय काढत नाही म्हणून तशीच राहिलेली. नळी आत असताना दर दिवशी लघवीत जंतू शिरण्याचा धोका साधारण 3 ते 7 टक्के असतो. संसर्ग रक्तात उतरला तर वयस्कर माणूस दगावूही शकतो. "डॉक्टर, ही नळी आज कशासाठी?" हे रोज विचारण्याचा धीर प्रशिक्षणानं द्यावा, आणि लेखी निकष ठरवून ती काढण्याचा अधिकार रुग्णालयानं.

तुमचं माणूस दाखल असेल, तर हा प्रश्न तुम्हीही विचारा.